बोल्ड इटॅलिक डिस्प्ले सेरिफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षररचना शिकणारे, पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे, वेबसाइट बांधणारे आणि "हा फॉन्ट इथे का शोभत नाही?" एवढ्याच प्रश्नावर अडलेले लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. इटॅलिक हे मुळात रोमन लिपीचं वळण, त्यामुळे बहुतेक उत्तरं त्या अक्षरांबद्दल आहेत. देवनागरीसाठी थेट प्र. १७ वर जा.

१. बोल्ड, इटॅलिक, डिस्प्ले, सेरिफ. या चारही शब्दांचा अर्थ एकदा सोपा करून सांगाल का?

सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघेच्या टोकाला येणारं छोटं पाऊल किंवा आकडा. बोल्ड म्हणजे ठळक, जाड रेघांचं. इटॅलिक म्हणजे भरभर लिहिणाऱ्या हाताच्या वळणातून आलेलं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. डिस्प्ले म्हणजे मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी वापरायचं.

यातला डिस्प्ले हा शब्द लोक सर्रास विसरतात. कुठलाही फॉन्ट मोठा करून लावला की डिस्प्ले होत नाही. डिस्प्लेसाठी काढलेल्या अक्षरात बारीक रेघा जास्त बारीक असतात, अक्षरांमधली अंतरं घट्ट असतात आणि नक्षीचे बारकावे तसेच ठेवलेले असतात, कारण ते मोठ्या आकारात दिसणार हे काढणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. साधारण २४ पॉइंटच्या खाली या गोष्टी गुण न राहता अडचणी होतात (प्र. ११).

२. इटॅलिक म्हणजे तिरका केलेला सरळ फॉन्टच ना?

नाही. सरळ अक्षर फक्त तिरकं केलं की त्याला ऑब्लिक म्हणतात. इटॅलिकमध्ये अक्षराची घडणच बदलते. स्मॉल ए दुमजली राहत नाही, एका पोटाचा होतो. स्मॉल एफ ओळीच्या खाली उतरतो. व्ही आणि डब्ल्यूच्या कोनांना गोलाई येते, के ला कधी गाठ पडते, झेडला शेपूट फुटतं. अँड या अर्थाचं चिन्ह तर इटॅलिकमध्ये त्याचं मूळ रूप उघड दाखवतं: ते लॅटिन 'एत' या शब्दातल्या दोन अक्षरांची जोडणी आहे.

आणखी एक खूण पायाशी सापडते. सरळ सेरिफमध्ये एन, एम, आय यांच्या पायांना दोन्ही बाजूंनी आडवी पट्टी असते. इटॅलिकमध्ये रेघ हलक्या आकड्याने आत शिरते आणि उजवीकडे उचलून बाहेर पडते. टाकाने किंवा बोरूने सलग लिहून पाहा, हे वळण हात आपोआप घेतो.

उलट मताचे लोकही होऊन गेले. ब्रिटिश टंकतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसन यांनी १९२६ साली असं मांडलं की मजकुरातल्या सरळ अक्षराचा जोडीदार खरं तर त्याचंच तिरकं रूप असावं. मजकुरापुरता तो वाद समजण्यासारखा आहे. डिस्प्लेत मात्र मी पूर्णपणे हाताच्या वळणाच्या बाजूने आहे, कारण तिथे लोक ते वळणच पाहायला थांबतात.

३. इटॅलिक आलं कुठून? सुरुवातीपासून ते ठळक होतं का?

ठळक अजिबात नव्हतं. १५०१ साली व्हेनिसमध्ये मुद्रक आल्दुस मानुतिउस यांनी छापलेलं रोमन कवी व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक हे इटॅलिकमध्ये पूर्ण छापलेलं पहिलं पुस्तक मानलं जातं. अक्षरं कोरली होती फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी. त्यात फक्त स्मॉल अक्षरं इटॅलिक होती, कॅपिटल अक्षरं सरळच उभी आणि आकाराने लहान होती. शिवाय ते सरळ अक्षराचं जोडीदार नव्हतं. आख्खं पुस्तक त्याच वळणात असायचं. त्या काळच्या कचेऱ्यांमधलं हे लेखनाचं वळण. लुदोविको आर्रिगी यांनी १५२२ च्या सुमारास रोममध्ये त्याचा कित्ताच छापून काढला. सरळ मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून इटॅलिक वापरण्याची रीत नंतर रुळली.

ठळकपणा आला तो तीनशे वर्षांनी, जाहिरातींबरोबर. इटलीचे बोदोनी आणि फ्रान्सचे दिदो या टंककारांच्या अक्षरांत जाड आणि बारीक रेघांमधला फरक आधीच खूप वाढला होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी त्यातल्या जाड रेघा इतक्या फुगवल्या की अक्षर जवळजवळ काळा ठोकळा झालं. याला फॅट फेस म्हणतात आणि त्याचं श्रेय बहुधा रॉबर्ट थॉर्न यांना दिलं जातं. फॅट फेसची इटॅलिक रूपं मिळाली तर जरूर पाहा. पोटं फुगलेली, केसाएवढ्या बारीक रेघा, टोकांना गोल थेंब. आज ज्याला आपण बोल्ड इटॅलिक डिस्प्ले म्हणतो त्याची ही आजी.

पुढचे ठळक टप्पे: १९२२ चं ऑझ्वल्ड कूपर यांचं कूपर ब्लॅक, ज्याची सगळी टोकं मऊ आहेत आणि ज्याचं इटॅलिक मागोमाग आलं. १९२८ चं मॉरिस फुलर बेंटन यांचं अल्ट्रा बोदोनी. आणि १९७५ चं एड बेंग्विआट यांचं आयटीसी बुकमन. जुन्या बुकमनचं इटॅलिक म्हणजे सरळ अक्षर तिरकं केलेलं होतं. बेंग्विआट यांनी त्याला खरं वळणदार इटॅलिक दिलं, वर लपेटदार पर्यायी अक्षरांचा मोठा संचही दिला.

४. माझ्याकडे बोल्ड तयार आहे. सॉफ्टवेअरमध्ये १२ अंश तिरकं केलं. काम झालं की!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिरकं करताना सॉफ्टवेअर अक्षराचा प्रत्येक आडवा काप उंचीच्या प्रमाणात उजवीकडे ढकलतं. कॅपिटल अक्षराची उंची ७०० एकक (एकक म्हणजे फॉन्ट काढताना वापरायचं लहान माप) असेल आणि झुकाव १२ अंश, तर माथा पायापेक्षा सुमारे १४९ एकक पुढे जातो. आडव्या कापाची रुंदी बदलत नाही. रेघेची खरी जाडी मात्र रेघेला काटकोनात मोजायची असते, आणि तीच बिघडते.

कॅपिटल ए घ्या. डावा पाय आधीच उजवीकडे झुकलेला आहे, तो आणखी आडवा होतो आणि बारीक पडतो. उजवा पाय उभा राहू लागतो आणि जाड होतो. ओ मध्ये वर उजवीकडे आणि खाली डावीकडे काळं साचतं, उरलेल्या दोन कोपऱ्यांत रेघ रोडावते. एस चा मधला कणा फुगतो आणि अक्षर पुढे पडल्यासारखं वाटतं. नेहमीच्या वजनात हे दोष दोन-चार एककांचे असतात, म्हणून खपून जातात. बोल्डमध्ये रेघ दुप्पट जाड, त्यामुळे दोषही तेवढाच मोठा, आणि डिस्प्ले आकारात तो हातभर लांबून दिसतो.

माझं पहिलं बोल्ड इटॅलिक मी असंच केलं होतं. १४ अंश तिरकं केलं, अक्षरं वीतभर मोठी छापून भिंतीवर लावली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. प्रत्येक शब्दातला एस वाटेत पाय अडकल्यासारखा दिसत होता. तीन दिवस मी एकेक बिंदू हलवत बसले, मग सगळं पुसून हातानेच नव्याने काढलं. तिरकं केलेलं रूप मी आजही वापरते, पण फक्त खालचा आराखडा म्हणून. वर चढणारी प्रत्येक वक्ररेषा मी वेगळी काढते.

५. जाडी वाढवताना सगळ्यात अवघड काय असतं?

आतलं पांढरं वाचवणं. रेघ जाड करणं सोपं आहे, पण तिला जागा कुठून द्यायची?

आकडे मांडून पाहू. नेहमीच्या वजनात स्मॉल एन चे दोन खांब ८०-८० एककांचे आणि मधली पोकळी २४० ची. एकूण रुंदी ४००. आता खांब १७० चे केले आणि रुंदी तीच ठेवली तर पोकळी उरते फक्त ६०. अक्षर गुदमरतं. रुंदी ४८० केली की पोकळी १४० होते आणि त्याला श्वास घेता येतो. म्हणून बोल्ड रुंद होतं. इटॅलिकचा स्वभाव मात्र अरुंद राहण्याचा. या दोन ओढींमधून वाट काढणं हेच बोल्ड इटॅलिक काढणाऱ्याचं खरं काम आहे, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं आहे.

उंचीचा प्रश्न त्याहून कठीण, कारण रुंदीसारखी उंची वाढवता येत नाही. स्मॉल ई मध्ये एकावर एक तीन आडव्या रेघा येतात. उंची ५०० एकक आणि प्रत्येक रेघ १०० ची, तर पांढऱ्यासाठी २०० उरतात, म्हणजे दोन पोकळ्यांना १००-१००. त्याच रेघा ४० च्या केल्या तर प्रत्येक पोकळीला १९० मिळतात. म्हणून ठळक डिस्प्ले सेरिफमध्ये सगळं वजन उभ्या रेघांत भरतात आणि आडव्या रेघा बारीक ठेवतात. जाड-बारीकचा तो नाट्यमय फरक दिसायला छान म्हणून येतो असं अनेकांना वाटतं, पण आधी तो पांढऱ्याची सोय असतो.

तिसरी जागा म्हणजे सांधा. इटॅलिकमध्ये एन ची कमान खांबाच्या बऱ्याच खालून फुटते. बोल्डमध्ये तिथे काळ्याची गुठळी होते. तिथे खोल, अणकुचीदार पाचर कापावी लागते. मोठं करून पाहिलं तर ती अतिरेकी वाटते, शब्दात पाहिली तर जाणवतही नाही.

६. झुकाव किती अंश ठेवावा?

मजकुराची इटॅलिकं साधारण ८ ते १२ अंशांत असतात. डिस्प्लेत १५ किंवा थोडं जास्तही चालतं. जाडी जितकी जास्त, तितका तोच कोन कमी भासतो, कारण खांब रुंद झाला की त्याची कड आखूड वाटते. त्यामुळे बोल्डला एखादा अंश वाढवून पाहावा. प्रत्येक अक्षराला हुबेहूब तोच कोन देण्याचा हट्ट मात्र नको. ओ, व्ही आणि एक्स यांची मोजलेली मध्यरेषा नव्हे, डोळ्यांना भासणारी मध्यरेषा इतरांशी जुळली पाहिजे.

७. नवा फॉन्ट काढताना सुरुवात कोणत्या अक्षरांपासून करू?

स्मॉल एन आणि ओ. एन मधून खांब, कमान आणि पोकळी ठरते, ओ मधून गोलाई. त्यानंतर लगेच ए काढा, कारण इटॅलिकचं ए चं पोट डी, जी आणि क्यू या तिघांना पुरतं. मग ई आणि एस, म्हणजे तुमचं वजन झेपणारं आहे का ते तिथेच कळेल. कॅपिटलमध्ये एच, ओ आणि आर.

मी एक वेगळी सवय लावून घेतली आहे: के आणि जी लवकर काढायचे. फॉन्टचा स्वभाव एन मध्ये फारसा दिसत नाही, तो या दोघांत दिसतो. ते उशिरा आले तर आधीच्या अक्षरांशी फटकून राहतात. आणि सुटी अक्षरं पाहत बसू नका, दहा अक्षरं झाली की शब्द लावा. पान उलटं धरून पाहिलं की वाचण्याची सवय बाजूला पडते आणि काळ्याचे डाग स्वच्छ दिसतात.

८. स्वॉश म्हणजे काय आणि ते किती वापरावेत?

अक्षराच्या टोकातून निघणारी लांब लपेट म्हणजे स्वॉश. ओपनटाइप फॉन्टमध्ये ती बहुधा पर्यायी अक्षरं म्हणून दडलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये स्वॉश किंवा स्टायलिस्टिक सेट हा पर्याय चालू केला की दिसते. असे सेट एका फॉन्टमध्ये २० पर्यंत असू शकतात.

एका शब्दात एक. शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी, जिथे तिला पसरायला मोकळी जागा आहे तिथे. मध्ये लावलेली लपेट शेजारच्या अक्षराच्या अंगावर जाते. आणि सगळा शब्द स्वॉश कॅपिटल्समध्ये कधीही लावू नका. ती अक्षरं शब्दाच्या दारात उभी राहायला काढलेली असतात. ओळीने लावली तर शब्द वाचताच येत नाही.

९. अंक, अवतरणचिन्हं आणि कंस यांचं काय?

अंकही इटॅलिक हवेत, आणि बोल्डमध्ये ८ ला ई सारखीच अडचण येते (प्र. ५). अवतरणचिन्हं त्याच फॉन्टची घ्या. कीबोर्डवरची सरळ उभी चिन्हं झुकलेल्या ठळक अक्षरांशेजारी खिळे ठोकल्यासारखी दिसतात. कंसांच्या बाबतीत नियम असा पाळा: आतला मजकूर आणि बाहेरचा मजकूर दोन्ही इटॅलिक असेल तर कंस इटॅलिक. फक्त आतला शब्द इटॅलिक असेल तर कंस बाहेरच्या सरळ मजकुराचे ठेवणं मला जास्त स्वच्छ वाटतं.

१०. हा प्रकार कुठे शोभतो आणि कुठे नाही?

मुखपृष्ठ, मासिकातलं मोठं शीर्षक, पोस्टर, वेष्टन, उघडं पान भरून टाकणारा एखादाच शब्द. जिथे आवाज चढा हवा, पण त्यात ऊब आणि गती हवी, तिथे. सरळ बोल्ड ठाम उभं राहून सांगतं. बोल्ड इटॅलिक पुढे वाकून, हात धरून सांगतं.

दिशादर्शक फलक, फॉर्म, तक्ते, इशारे, औषधावरच्या सूचना यांपासून लांब ठेवा. तिथे वाचणाऱ्याला अक्षराचा स्वभाव नको असतो, माहिती हवी असते. शोकसंदेशावरही मी ते लावत नाही.

११. परिच्छेदासाठी वापरलं तर? मला ते दिसायला फार आवडतं.

आवडतं हे समजू शकते, तरी नका वापरू. १२ पॉइंटला बारीक रेघा विरतात, घट्ट अंतरांमुळे अक्षरं चिकटतात आणि पानावर काळे पट्टे दिसतात. एखाद-दुसरं वाक्य मोठं करून काढायचं असेल तर हरकत नाही. चार-पाच ओळींपलीकडे नको.

वाचनाच्या सोयीचाही प्रश्न आहे. डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन इटॅलिक टाळायलाच सांगते. वेबवर रंग निवडताना आणखी एक बारकावा: वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी निकष १४ पॉइंट व त्यापुढच्या ठळक मजकुराला मोठा मजकूर मानतात आणि त्याला पार्श्वभूमीशी ४.५:१ ऐवजी ३:१ एवढा उजळपणाचा फरक पुरतो असं म्हणतात. डिस्प्ले सेरिफसाठी मी ही सवलत घेत नाही. तिचे खांब ठळक असले तरी आडव्या रेघा केसाएवढ्या असतात, आणि फिक्या रंगात आधी त्याच गायब होतात.

१२. सोबतचा मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये लावू?

शांत, सरळ, नेहमीच्या वजनाच्या. त्याच कुटुंबात मजकुरासाठीचं रूप असेल तर तेच घ्या. नसेल तर साधा सॅन्स, म्हणजे सेरिफ नसलेला फॉन्ट. दुसरा नाट्यमय सेरिफ शेजारी आणला की दोघंही एकमेकांवर ओरडतात.

१३. अक्षरांमधलं अंतर किती ठेवावं?

मोठ्या आकारात थोडं घट्ट. पोकळी जेवढी लहान, तेवढं अंतर लहान. अक्षराच्या आतलं आणि दोन अक्षरांमधलं पांढरं साधारण समतोल दिसलं पाहिजे. पण फॉन्ट मुळातच डिस्प्लेसाठी काढलेला असेल तर घट्टपणा आत भरलेला असतो, वर आणखी आवळू नका.

हाताने तपासायच्या जोड्या ठरलेल्या आहेत: एफ नंतर अवतरणचिन्ह, एफ नंतर कंस किंवा उद्गारचिन्ह, कॅपिटल टी-व्ही-डब्ल्यू नंतरची गोल अक्षरं, आणि इटॅलिक शब्द संपून सरळ शब्द सुरू होतो ती जागा. इटॅलिक डी किंवा एल चा माथा पुढच्या सरळ अक्षराला जाऊन टेकतो. तिथे केसभर जागा सोडा.

१४. ओळी अगदी मध्यावर लावल्या, तरी सगळं उजवीकडे सरकल्यासारखं का वाटतं?

कारण सॉफ्टवेअर अक्षराचा चौकोन मध्यावर आणतं, काळं नाही. झुकलेल्या अक्षराचा माथा चौकोनाच्या उजवीकडे बाहेर डोकावतो आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात रिकामी जागा राहते. शीर्षक थोडं डावीकडे ओढा, डोळ्याला पटेपर्यंत. डाव्या कडेला लावलेल्या दोन-तीन ओळींतही हीच गंमत होते: वाय किंवा टी ने सुरू होणारी ओळ आत गेल्यासारखी वाटते, जे ने सुरू होणारी बाहेर. मोठ्या शीर्षकात प्रत्येक ओळ वेगळी सरकवायला कंटाळू नका.

१५. वेबसाइटवर शेवटच्या अक्षराची शेपटी कापली जाते. फॉन्ट बिघडलेला आहे का?

फॉन्ट बरोबर आहे. इटॅलिकमध्ये अक्षराचा काही भाग त्याच्या नेमून दिलेल्या रुंदीबाहेर जातोच. चौकटीबाहेरचं झाकून टाकण्याची सूचना दिलेली असेल, किंवा अक्षरांच्या आत रंगछटा भरण्यासाठी पार्श्वभूमी मजकुराच्या आकारात कापलेली असेल, तर बाहेर गेलेला तो भाग कापला जातो. उजवीकडे, आणि जे किंवा एफ असेल तर डावीकडे व खालीही, थोडं पॅडिंग, म्हणजे चौकटीच्या आत मोकळी जागा, द्या. अक्षराच्या आकाराच्या दहाव्या भागापासून सुरुवात करून पाहा.

ही अडचण फार जुनी आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात इटॅलिक एफ चं डोकं खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबायचं, त्या भागालाच कर्न म्हणत. शेजारी उंच अक्षराचा खिळा आला की तो भाग दाबला जाऊन मोडायचा. म्हणूनच एफ-आय, एफ-एल असे जोडखिळे ओतले जात. आज कर्निंग म्हणून, म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर जुळवण्यासाठी, आपण जे करतो, त्या शब्दाचं मूळ त्या लोंबत्या तुकड्यात आहे.

१६. बी आणि आय ही दोन्ही बटणं दाबल्यावर जे दिसतं, ते खरं बोल्ड इटॅलिक असतं का?

फॉन्टच्या कुटुंबात ती फाइल बसवलेली असेल तर हो. नसेल तर बरीच सॉफ्टवेअरं आणि ब्राउझर स्वतःच रेघा फुगवून अक्षर तिरकं करतात. ओळखण्यासाठी स्मॉल ए आणि एफ पाहा: ए दुमजली राहून नुसता झुकला असेल तर ते बहुधा बनावट आहे. (काही फॉन्टचं खरं रूपच ऑब्लिक असतं, तेव्हा फॉन्टची यादी उघडून खात्री करा.) कॅपिटलवर फसू नका, ती दोन्हीकडे जवळपास सारखीच असतात.

उलटा अपघातही होतो. फॉन्टच्या यादीतून बोल्ड इटॅलिक निवडलं आणि सवयीने वर पुन्हा बी दाबलं, की काही ठिकाणी जाडीवर जाडी चढते आणि पोकळ्या बुजतात. वेबवर फॉन्ट-सिंथेसिस हा गुणधर्म बंद ठेवला की ब्राउझर बनावट रूप करत नाही. चूक निदान लगेच दिसते.

१७. देवनागरीत बोल्ड इटॅलिक असतं का?

ठळक देवनागरी अर्थातच असते. इटॅलिकसारखं वेगळं, परंपरेने आलेलं जोडीदार वळण मात्र देवनागरी छपाईत नाही. जे मिळतं ते बहुतेक वेळा तिरकं केलेलं रूप असतं आणि प्र. ४ मधले सगळे दोष त्यात येतात. शिवाय देवनागरीत जाड रेघ बोरूच्या कापाप्रमाणे वेगळ्या दिशेने पडते. शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे झुकतात, त्यामुळे ओळ वरून टांगलेली आणि खालून वाऱ्याने उडालेली दिसते. वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर सरकतात ते वेगळंच.

दोन लिप्यांचं शीर्षक असेल आणि रोमन भाग बोल्ड इटॅलिकमध्ये असेल, तर देवनागरीला तिरकं करू नका. जाड-बारीकचा तसाच ठसठशीत फरक असलेली ठळक, सरळ किंवा हस्तलिखित वळणाची देवनागरी निवडा. जोडी झुकावाने जुळत नाही, ती काळ्याच्या वजनाने आणि रेघेच्या स्वभावाने जुळते.

१८. छापल्यावर बारीक रेघा नाहीशा झाल्या. काय चुकलं?

बहुधा काळ्यावर पांढरी अक्षरं होती. शाई थोडी पसरते. पांढऱ्यावर काळं छापताना त्यामुळे बारीक रेघ जरा जाड होते, पण काळ्यावर पांढरं सोडलेलं असेल तर शाई चहूबाजूंनी त्या पांढऱ्या रेघेवर चढते. तो काळा रंग चार शाया मिळून केलेला असेल तर एका शाईचा पत्रा केसभर जरी सरकला तरी रेघ रंगीत होते किंवा बुजते. अशा कामाला जरा दणकट रेघांचं रूप घ्या, नाहीतर अक्षराला पातळ कड देऊन रेघ वाढवा. भरतकाम, रबरी शिक्के आणि व्हिनाइल कापून केलेली अक्षरं यांनाही हेच लागू.

१९. व्हेरिएबल फॉन्ट घेतला तर एकाच फाइलमध्ये सरळ ते इटॅलिक सगळं मिळेल ना?

क्वचित. व्हेरिएबल फॉन्टचं तंत्र २०१६ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जाहीर केलं. त्यात जाडी सलग बदलता येते, कारण हलक्या आणि ठळक रूपात बिंदूंची संख्या आणि क्रम एकच असतो. दुमजली ए आणि एका पोटाचा ए यांचे बिंदू जुळत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा सरळसाठी एक फाइल आणि इटॅलिकसाठी दुसरी असते. वेबसाइटवर दोन्ही जोडायला विसरलात तर गाडी पुन्हा प्र. १६ वर येते.

फाइलमध्ये ऑप्टिकल साइझचा अक्ष असेल तर मात्र तो डिस्प्लेसाठी सोन्यासारखा. आकार वाढला की बारीक रेघा आणखी बारीक होतात, अंतर आवळतं, आणि ते आपोआप.

२०. शीर्षक आधीच इटॅलिकमध्ये आहे आणि त्यात पुस्तकाचं नाव येतं, जे इटॅलिकमध्ये असायला हवं. मग?

नाव सरळ करा. इटॅलिकच्या आत उठाव द्यायचा तर सरळ अक्षर, ही जुनी रीत आहे. पण मोठ्या बोल्ड इटॅलिक शीर्षकात मध्येच उभं राहिलेलं सरळ बोल्ड ठेच लागल्यासारखं दिसतं, म्हणून तिथे मी नावाला अवतरणचिन्हं देते आणि वळण तसंच ठेवते. गणितातला मजकूर हा वेगळा अपवाद: तिथे सदिश दाखवायला ठळक इटॅलिक अक्षर वापरतात आणि त्याला अर्थ असतो. शीर्षकाच्या सोयीसाठी ते बदलू नका.

२१. सोशल मीडियावर नाव बोल्ड इटॅलिक करून देणाऱ्या वेबसाइट असतात. तो कोणता फॉन्ट?

तो फॉन्टच नाही. गणितासाठी युनिकोडमध्ये ठळक इटॅलिक अक्षरांची वेगळी चिन्हं दिलेली आहेत, ती तुमच्या अक्षरांच्या जागी बसवली जातात. दिसायला नाव, संगणकाच्या लेखी चिन्हांची रांग. स्क्रीन रीडर (अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती वगळतो किंवा एकेक चिन्ह गणिती नावाने वाचतो, आणि शोधताना तुमचं नाव सापडेलच असं नाही. स्वतःचं नाव तर अशा अक्षरांत लिहूच नका.

२२. लोगोसाठी तयार फॉन्ट वापरला, एक-दोन अक्षरं बदलली तर चालेल का?

आधी परवाना वाचा. संगणकावर वापर, वेबवर वापर, अ‍ॅपमध्ये वापर यांचे परवाने बरेचदा वेगळे असतात आणि लोगोसाठी काहींची वेगळी अट असते. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट व्यावसायिक कामातही वापरता येतात आणि बदलताही येतात. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि नाव राखीव ठेवलेलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. लोगोत अक्षरांचे आकार बदलणं ही फॉन्ट फाइल बदलण्यापेक्षा निराळी गोष्ट आहे, पण काही परवाने त्यावरही बोलतात.

रेखाटनाच्या बाजूने सांगायचं तर, एखादं अक्षर बदललंत की त्याच्या शेजारची अंतरंही पुन्हा बसवा. आणि लोगो अगदी छोट्या आकारातही जाणार असेल, उदाहरणार्थ फोनवरच्या चिन्हात, तर त्याची दुसरी प्रत करून ठेवा: आडव्या रेघा जाड, सांध्यातल्या पाचरी रुंद, लपेट काढून टाकलेली. दोन्ही प्रती शेजारी मोठ्या करून पाहिल्या तर वेगळ्या दिसतील. आपापल्या आकारात त्या एकच दिसतात.